धनी नसलेला घोडा

ज्या प्राण्याचा कोणी धनी नाही, त्याच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य असते का, आणि असल्यास ते कोणत्या नात्याने, हा प्रश्न नीतिशास्त्रात जितका जुना तितकाच अवघड आहे. कारण पाळीव जनावराशी माणसाचे नाते दाव्याचे असते, वन्य श्वापदाशी ते अंतराचे असते, आणि या दोन नात्यांसाठी धर्मांनी व कायद्यांनी वेगवेगळे नियम घालून दिलेले आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोकळे घोडे या दोन्ही नात्यांच्या मधोमध उभे आहेत. त्यांना ‘मस्टँग’ म्हणतात, आणि हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला त्याचा अर्थच मुळी धन्यावाचून भटकणारे, बेवारशी जनावर असा आहे. नेवाडा, वायोमिंग, युटा, मोंटाना यांसारख्या दहा राज्यांतील सरकारी कुरणांवर त्यांचे कळप राहतात. ही कुरणे महाराष्ट्रातील गावोगावच्या गायरानांच्याच जातीची म्हणता येतील. मात्र ती कोट्यवधी एकरांवर पसरलेली, निमवाळवंटी आणि संघराज्य सरकारच्या मालकीची आहेत. या घोड्यांची छायाचित्रे काढण्यासाठी लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसे वर्षानुवर्षे त्याच माळांवर जातात, आणि घोड्यांच्या भवितव्याची चिंता माळाबाहेरच्या जगात पोचली ती बरीचशी त्यांच्याच छायाचित्रांमुळे. म्हणून वरचा प्रश्न येथे आणखी एका अंगाने विचारावा लागतो: एखाद्या जिवाकडे पाहत राहिल्याने त्याच्याविषयीचे कर्तव्य अंगावर येते का, आणि येत असेल तर ते नुसत्या पाहण्याने फिटते का?

या घोड्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते प्रतीक म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना मोटारींनी आणि विमानांनी पिटाळून पकडले जाई आणि पाळीव कुत्र्यांचे व कोंबड्यांचे खाद्य बनवण्यासाठी कत्तलखान्यात पाठवले जाई. नेवाडातील व्हेल्मा जॉन्स्टन या एका कचेरीत सचिवाचे काम करणाऱ्या बाईंना १९५० साली रस्त्यावर पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसले, आणि त्या ट्रकच्या मागे गेल्यावर आत कोंबलेले घोडे दिसले. तेथून सुरू झालेल्या त्यांच्या मोहिमेमुळे १९५९ साली सरकारी जमिनीवर मोटारींनी व विमानांनी मोकळ्या घोड्यांचा पाठलाग करण्यास बंदी आली, आणि १९७१ साली, शाळकरी मुलांनी पाठवलेल्या पत्रांचा ढीग लोकप्रतिनिधींच्या टेबलांवर साचल्यानंतर, अमेरिकी काँग्रेसने मोकळे घोडे आणि मोकळी गाढवे यांच्या रक्षणाचा कायदा एकही विरोधी मत न पडता संमत केला. त्या कायद्याने या प्राण्यांना पश्चिमेच्या इतिहासाची आणि तेथे प्रथम वस्ती करणाऱ्यांच्या वृत्तीची जिवंत प्रतीके मानले.

हेतू उदार होता, आणि त्या कायद्यावाचून आज कदाचित एकही कळप उरला नसता, हे आधी मान्य केले पाहिजे. तथापि प्रतीक म्हणून केलेल्या रक्षणात एक उणीव राहते. प्रतीकाचे मोल त्याच्या स्वतःत नसून ते ज्याकडे बोट दाखवते त्यात असते. म्हणून शंभर घोड्यांच्या जागी दहाच ठेवले तरी प्रतीक शाबूत राहते, आणि उरलेल्या नव्वदांचे काय झाले याचे उत्तर प्रतीकाच्या भाषेत देता येत नाही. शिवाय हे प्रतीक कोणाच्या इतिहासाचे, हाही प्रश्न आहेच. ज्या लकोटा लोकांची भूमी त्या वस्तीकरांनी घेतली, त्यांच्या भाषेत घोड्याला असलेला शब्द ‘पवित्र कुत्रा’ अशा अर्थाचा आहे; घोडा येण्यापूर्वी त्यांचे ओझे कुत्रे ओढत असत, आणि तेच काम करणारे हे मोठे जनावर त्यांना एका गूढ, पवित्र शक्तीचे दान वाटले. एकच प्राणी जिंकणाऱ्यांच्या स्मृतीत एक अर्थ घेऊन उभा राहतो आणि ज्यांना उठवून लावले त्यांच्या स्मृतीत दुसरा. आणि माळावर पाणी शोधणाऱ्या घोडीला या दोन्ही अर्थांची खबर नसते.

छायाचित्र हे प्रतीके घडवणारे फार समर्थ साधन आहे. मावळतीच्या उजेडात उडणारी आयाळ, खुरांखालची सोनेरी धूळ, मागच्या दोन पायांवर उभे राहून झुंजणारे दोन नर, अशी चित्रे दिनदर्शिकांवर आणि भिंतींवर शोभतात, आणि ती पाहणाऱ्याला घोड्यापेक्षा स्वातंत्र्य नावाची स्वतःची कल्पनाच अधिक दिसते. पण जो छायाचित्रकार एकदा येऊन परत न जाता त्याच माळावर ऋतूमागून ऋतू येत राहतो, त्याच्या बाबतीत हेच साधन नेमके उलटे काम करू लागते. मोंटाना आणि वायोमिंग यांच्या सीमेवरील प्रायर पर्वतात, जेथे १९६८ साली घोड्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखून ठेवण्यात आले, अनेक घोड्यांच्या पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक गडद रेघ गेलेली असते आणि पायांवर झेब्र्यासारखे पुसट पट्टे असतात. कुणाच्या खांद्यावर जुन्या झुंजीचा, केस न उगवलेला चट्टा असतो, कुणाचा कान फाटलेला असतो, कुणाच्या कपाळावरचा चांद एका बाजूला कललेला असतो. अशा खुणांवरून माणूस एकेक घोडा ओळखू लागतो. मराठीला ही ओळख नवी नाही. अबलख, कुमाइत, पंचकल्याणी हे शब्द आणि अंगावरील भोवऱ्यांवरून घोडा पारखण्याची रीत घोडदळाच्या काळापासून या भाषेत रुजलेली आहे. मात्र त्या सगळ्या शब्दांच्या मागे घोड्याचा धनी उभा असे: स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. ज्या घोड्यावर कोणी बसणारच नाही त्याच्या खुणा इतक्या बारकाईने कोणी टिपाव्यात, ही गोष्ट खरोखर नवी आहे.

खुणा ओळखता आल्या की नाती दिसू लागतात. मोकळ्या घोड्यांचा कळप म्हणजे विस्कळीत जमाव नसतो. एक प्रौढ नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे अशा लहान कुटुंबांचा तो मेळ असतो, पाण्यावर जाताना पुष्कळदा एखादी जाणती घोडी पुढे चालते, आणि घोडी न लाभलेले तरुण नर आपले वेगळे टोळके करून राहतात. वाटेवरच्या लिदीच्या ढिगाशी दोन नर समोरासमोर येतात, हुंगतात, त्यावर आपली लीद टाकतात आणि बहुधा एक लाथही न मारता आपापल्या कुटुंबाकडे परततात. दिनदर्शिकेवर हे चित्र कधीच येत नाही. तरीही उडत्या आयाळीपेक्षा त्यातूनच घोड्यांच्या जगाविषयी अधिक कळते. जिंजर कॅथ्रेन्स या चित्रपटकर्तीने १९९५ साली प्रायर पर्वतात एका फिकट रंगाच्या नवजात शिंगराचे चित्रीकरण केले, त्याला ‘क्लाउड’ म्हणजे ढग असे नाव मिळाले, आणि त्याच्या आयुष्याचा माग पुढे अनेक वर्षे ठेवला गेला. त्या चित्रपटांतून जनावराच्या जातीपेक्षा एका विशिष्ट घोड्याचे चरित्र लोकांसमोर आले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ आयरिस मर्डॉक यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सॉव्हरेन्टी ऑफ गुड’ या ग्रंथात नीतीचे मूळ निवडीत नव्हे तर पाहण्यात आहे, असे मांडले. सिमोन व्हेल या फ्रेंच चिंतक स्त्रीकडून त्यांनी ‘अवधान’ ही कल्पना घेतली. अवधान म्हणजे समोरच्या वस्तूवर आपल्या इच्छा व भीती न लादता, ती जशी आहे तशी तिला दिसू देणारी न्याय्य आणि प्रेमळ नजर. मर्डॉक यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: मानहानीच्या विचारांनी ग्रासलेला मनुष्य खिडकीतून हवेत तरंगणारा एक शिकारी पक्षी पाहतो, क्षणभर त्या पक्ष्यावाचून दुसरे काहीच उरत नाही, आणि मन परत स्वतःकडे येते तेव्हा मघाचे दुःख लहान झालेले असते. दीर्घकाळ माळावर बसणारा छायाचित्रकार या अवधानाच्या फार जवळ जातो, यात शंका नाही. तरीही येथे एक सावधगिरी हवी. पक्षी पाहणाऱ्याचे मन शुद्ध झाले, एवढ्याने पक्ष्याचे काही भले होत नाही. आणि कॅमेऱ्याला चौकट असते. घोडा चौकटीत घेताना छायाचित्रकार जे बाहेर ठेवतो त्यात बहुधा गवत असते, पाण्याच्या झऱ्याचा तुडवलेला काठ असतो आणि मागचे काटेरी तारेचे कुंपण असते. न्याय्य नजर म्हणायची तर तिने हेही पाहिले पाहिजे.

हे चौकटीबाहेरचे जग संख्यांच्या रूपाने समोर येते. ही जमीन सांभाळणारे सरकारी खाते, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, प्रत्येक क्षेत्रासाठी ‘योग्य व्यवस्थापन पातळी’ ठरवते, म्हणजे गवत, पाणी, अन्य वन्यजीव आणि गुरे यांचा हिशेब धरून तेथे किती घोडे राहू शकतील याचा आकडा. सर्व क्षेत्रांची मिळून ही पातळी सुमारे २५,५०० आहे, आणि २०२४ साली कुरणांवरील घोड्यांची व गाढवांची अंदाजे संख्या सुमारे ७३,५०० होती. २०१३ च्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानुसार बहुतेक कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे साधारण चार-पाच वर्षांत दुप्पट होतात. वाळवंटी भूमीत तुडवलेला झरा लवकर सावरत नाही, आणि सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांच्या आधाराने जगणाऱ्या सेज ग्राउस या पक्ष्यासारख्या, घोड्याइतके देखणे नसलेल्या जिवांना त्याची किंमत मोजावी लागते.

पर्यावरणनीतीतील एक जुना वाद येथे जमिनीवर उतरतो. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ साली निघालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकातून भूमिनीतीचा विचार आला. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून जो समूह होतो त्याचे स्वास्थ्य राखणारी कृती ती योग्य कृती, असा त्याचा आशय आहे. लांडगे मारून टाकले की हरणे डोंगर बोडका करतात, हे लिओपोल्ड यांनी स्वतः पाहून लिहिले होते. उलट टॉम रीगन यांनी १९८३ साली ‘द केस फॉर अ‍ॅनिमल राइट्स’मध्ये असे प्रतिपादन केले की ज्या प्राण्याला स्मृती, इच्छा आणि बऱ्यावाईटाची जाणीव आहे तो स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे, आणि समूहाच्या भल्यासाठी त्याचा बळी देता येत नाही. पहिल्या मतानुसार आकड्यावरचा घोडा हा उपद्रव ठरतो. दुसऱ्या मतानुसार तो उपद्रव असला तरी त्याला हात लावता येत नाही. दोन्ही मतांत सत्य आहे, आणि दोन्ही मते येथे अपुरी पडतात. कारण दोन्ही मते माणसाला बाहेर उभा राहून न्याय करणारा समजतात, आणि या माळावर तर तोच मुख्य पक्षकार आहे. लांडगे त्याने संपवले, कुंपणे त्याने घातली, घोड्यांचे पूर्वज जहाजातून त्यानेच आणले. खात्याच्या १५ कोटींहून अधिक एकरांवर गुरे चारण्याची परवानगी आहे आणि एका गाय-वासराच्या महिन्याभराच्या चराईचा किमान दर १.३५ डॉलर आहे, तर घोड्यांसाठी राखलेली क्षेत्रे याच्या एका लहान अंशाएवढी आहेत. गवत संपले याचा दोष एकट्या घोड्यावर टाकणारा हिशेब प्रामाणिक नव्हे.

घोडा तेथला की परका, हा वादही असाच. घोड्याचे कूळ उत्तर अमेरिकेतच पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उदयाला आले, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथून नाहीसे झाले आणि स्पॅनिश जहाजांतून परतले, म्हणून एक पक्ष त्याला परत आलेला मानतो आणि दुसरा पाळीव कुळातून रानात सुटलेला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे. कर्तव्याच्या प्रश्नाचा निकाल मात्र त्याने लागत नाही.

बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात या प्रश्नावर फार खोल प्रकाश पडतो. निरपराध असून सर्वस्व गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो, आणि देव उत्तरादाखल त्याला माणसाचा मागमूस नसलेली सृष्टी दाखवतो. जेथे कोणी राहत नाही त्या ओसाड भूमीवरही पाऊस पडतो, असे सांगतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात रानगाढव येते, ज्याला देवाने मोकळे सोडले, खारवट जमीन घर म्हणून दिली, आणि जे नगरातील गोंगाटाला हसते व हाकणाऱ्याची आरोळी ऐकत नाही. त्याच अध्यायात पुढे घोडाही येतो, परंतु तो रणातला घोडा आहे, भाला आणि भाते यांच्यामध्ये उसळणारा, दुरूनच युद्धाचा वास घेणारा. म्हणजे ग्रंथकाराच्या दृष्टीने मोकळे ते गाढव, आणि घोडा कितीही निर्भय असला तरी माणसाच्या युद्धात जुंपलेला. पश्चिम अमेरिकेतील घोडा या दोन वर्णनांच्या मधली, त्या ग्रंथाला ठाऊक नसलेली गोष्ट आहे. अंगाने तो रणातल्या घोड्याचा वंशज आहे आणि आयुष्य रानगाढवाचे जगतो, तेही खरोखरच्या खारवट भूमीत. १९७१ च्या कायद्याने घोडा आणि गाढव यांना एकाच कलमाखाली आणले, तेव्हा अजाणता हे दोन श्लोकसमूह एकत्र आले, असे म्हणायला हरकत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली आहे, याचा आधार घेणारे पुष्कळ आहेत. ईयोबाचा ग्रंथ त्या सत्तेला मर्यादा घालतो, कारण ईयोबाला दाखवलेल्या प्राण्यांपैकी एकही त्याच्या उपयोगासाठी म्हणून दाखवलेला नाही. त्याने फक्त पाहायचे आहे, आणि ते पाहून त्याची तक्रार शांत होते. निरुपयोगी जिवाकडे आदराने पाहणे ही उपासनेचीच एक रीत आहे, असा अर्थ यातून काढला तर तो ओढूनताणून काढलेला ठरणार नाही.

याच ग्रंथपरंपरेतला एक दुसरा शब्द मात्र माळावर फार कठोर रूपात वापरला जातो. १९७६ च्या कायद्याने घोडे पकडण्यासाठी हेलिकॉप्टरला पुन्हा परवानगी मिळाली. हेलिकॉप्टर कळपाला मैलोगणती पिटाळत आणते, तागाच्या पडद्यांच्या दोन भिंती पुढे अरुंद होत कुंपणाकडे जातात, आणि त्यांच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा धरून ठेवलेला असतो. कळप जवळ आला की त्याला सोडतात. तो सवयीने कुंपणात धावतो आणि भ्यालेले घोडे, पुढे आपलाच जातभाई धावतो आहे म्हणून, त्याच्या मागे आत शिरतात. त्याला ‘यहूदा घोडा’ म्हणतात, ख्रिस्ताला धरून देणाऱ्या शिष्याच्या नावावरून. या नावात एक मोठा अन्याय आहे. यहूदाने जाणूनबुजून विश्वासघात केला, आणि या घोड्याला तर आपण काय केले हे ठाऊकही नसते. विश्वासघात असलाच तर तो ज्यांनी त्याला शिकवले त्यांचा आहे.

अशा वेळी कॅमेऱ्याचे काम बदलते आणि छायाचित्रकार साक्षीदार होतो. नेवाडातील सिल्व्हर किंग क्षेत्रात २०१० साली झालेल्या धरपकडीत पाहण्यावर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध एका छायापत्रकार स्त्रीने दावा केला, आणि २०१२ साली संघीय अपील न्यायालयाने असे ठरवले की असे निर्बंध घटनेने दिलेल्या वृत्तस्वातंत्र्याच्या कसोटीवर काटेकोरपणे तपासले पाहिजेत, आणि प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. घोडा सार्वजनिक आहे, तर त्याला पकडताना पाहण्याचा हक्कही सार्वजनिक असला पाहिजे, ही भूमिका नीतीच्या दृष्टीने भक्कम आहे. जी गोष्ट लोकांच्या नावाने केली जाते ती लोकांच्या नजरेआड केली जाऊ नये.

परंतु धरपकडीचा निषेध करून गवताचा प्रश्न सुटत नाही, आणि छायाचित्रकारांपैकी जे सर्वांत अधिक काळ माळावर राहिले त्यांनी हे ओळखले, ही या सगळ्या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. घोडीला गर्भ राहू नये म्हणून डुकराच्या अंडपेशीच्या आवरणापासून केलेली एक लस आहे. ती टोचली की घोडीच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये तिच्याच अंडपेशीभोवती बसतात आणि शुक्रजंतूला वाट मिळत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरील असाटीग बेटावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा वापर सुरू झाला. लस दुरून बाणासारख्या सुईने मागच्या फऱ्यात मारता येते, पण तिचा परिणाम साधारण वर्षभरच टिकत असल्यामुळे कोणत्या घोडीला ती कधी दिली हे नेमके माहीत असावे लागते. ही माहिती येते छायाचित्रांतून. कोलोरॅडोतील सँड वॉश बेसिन आणि वायोमिंगमधील मॅकक्युलॉ पीक्स येथे स्वयंसेवकांनी प्रत्येक घोडीची उजव्या आणि डाव्या अंगाची चित्रे, कपाळाचा चांद, पायांचे पांढरे मोजे, तिचा नर आणि तिची शिंगरे यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदींच्या आधारे माळावर जाऊन सुई मारली. प्रेमाने काढलेले चित्र येथे संयमाचे साधन झाले. ज्याला शिंगरांची चित्रे काढणे सर्वांत अधिक आवडते त्यानेच शिंगरे कमी जन्मावीत यासाठी पहाटे थंडीत सुई भरून बसावे, यात जे वैराग्य आहे ते मर्डॉक यांच्या अवधानाच्या एक पाऊल पुढचे आहे, कारण येथे नजरेने स्वतःचा आनंदही सोडून दिलेला आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. ज्या प्राण्याच्या जननावर माणसाचे नियंत्रण आहे त्याला मोकळा कसे म्हणावे, असे विचारले जाते. तथापि जो जन्मलाच नाही त्याचे काही हिरावून घेतले असे म्हणता येत नाही, आणि जो जन्मला आहे त्याला कुटुंबातून ओढून नेणे हे उघड हिरावणे आहे. या दोहोंत निवड करावी लागत असेल तर ती अवघड नाही. पूर्ण मोकळीक हा पर्याय माणसाने लांडगे मारले आणि कुंपणे घातली त्या दिवशीच संपला. त्यानंतर उरली ती जबाबदारी, आणि तिला धनीपणाचे रूप येऊ न देता ती पार पाडायची हेच या कामातील खरे कौशल्य आहे.

तोवर धरपकडही चालूच राहते. पकडलेल्यांपैकी ६०,००० हून अधिक घोडे व गाढवे २०२४ साली सरकारी कोंडवाड्यांत आणि खात्याने भाड्याने घेतलेल्या कुरणांत होती, आणि खात्याच्या या कार्यक्रमावरील खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा त्यांच्या चारापाण्यावर जातो. तेथे नर खच्ची केले जातात, नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या जातात, आणि छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे नोंदवलेली कुटुंबे एका दिवसात मोडतात. नोंदवहीत त्या घोडीच्या शेवटच्या चित्राखाली तारीख राहते. तिच्या मानेवर डाव्या बाजूला, आयाळीखाली, अतिथंड धातूने एक पांढरे चिन्ह उमटवले जाते, ज्यात तिचे अंदाजे जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो. मग तिला कोणी दत्तक घेतले तर साधारण एका वर्षानंतर त्या माणसाला मालकीचा दाखला मिळतो, आणि त्या दिवसापासून १९७१ च्या कायद्याचे संरक्षण तिला उरत नाही, कारण आता तिला धनी आहे.